उत्पादक काम आणि सन्मानाचे काम : रोजगार धोरणविषयक सल्ल्याची नाचणगावच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील, पुलगावला लागून वसलेले मोठे गाव. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे; परंतु २००१ च्या जनगणनेत त्याची नोंद 'जनगणना-नगर' अशी झाली. लोकसंख्या किमान ५०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या व्यवसायात, अशा तीन कसोट्यांना उतरणाऱ्या गावास जनगणना नागरी मानते. तिसऱ्या कसोटीतील 'पुरुष' या शब्दाकडे अभ्यासकांचे क्वचितच लक्ष जाते. ज्या घरातील पुरुष बाजारपेठेत, वाहतुकीत, ठेकेदाराच्या कामावर किंवा बांधकामावर जातो आणि ज्या घरातील स्त्री निंदणाला व कापूस वेचणीला जाते, ते घर या कसोटीपुरते शेतीबाहेरचे ठरते. स्त्री कोणते काम करते यावर गावाचा दर्जा अवलंबून नसतो.

याचा परिणाम असा की नाचणगाव शिरगणतीच्या हिशेबात शहर आहे आणि रोजगार हमीच्या हिशेबात खेडे. औद्योगिक रोजगाराविषयीच्या सल्ल्यात अशा गावाचा उल्लेख येत नाही, कारण तेथे ग्रामपंचायत आहे. आणि ग्रामीण रोजगाराविषयीच्या सल्ल्यात ते मुख्यतः माती खोदणाऱ्या हातांचे गाव म्हणून येते. प्रत्यक्षात तेथील एकच कुटुंब वर्षभरात तीन-चार प्रकारच्या कामांतून आपले पोट भरत असते. उत्पादकता वाढावी आणि काम सन्मानाचे असावे अशी दुहेरी अपेक्षा व्यक्त करणारे धोरण अशा कुटुंबापाशी येऊन कसे थांबते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन विशेषणे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६४ मध्ये रोजगार धोरणाविषयीचा १२२ क्रमांकाचा करार स्वीकारला व भारताने १९९८ मध्ये त्यास मान्यता दिली. पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेने निवडलेला रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे. काम शोधणाऱ्या प्रत्येकास काम मिळावे, ते काम शक्य तितके उत्पादक असावे आणि ते निवडण्याचे, आपले कौशल्य त्यात वापरण्याचे स्वातंत्र्य माणसास असावे, अशी त्याची तीन अंगे आहेत. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. पहिले व तिसरे अंग माणसाविषयी बोलते. मधले मात्र कामाविषयी. काम उत्पादक असावे, परंतु कोणासाठी उत्पादक, हे तेथे सांगितलेले नाही. १९९९ मध्ये त्याच संघटनेचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी आपल्या अहवालातून जी नवी संज्ञा रूढ केली तिचे मराठीकरण 'सन्मानाचे काम', 'प्रतिष्ठेचे काम', 'सभ्य काम' असे निरनिराळ्या प्रकारे होते. हक्क, रोजगार, सामाजिक सुरक्षा आणि संवाद हे तिचे चार आधार. या संज्ञेने माणूस पुन्हा मध्यभागी आणला हे खरे. परंतु तिने उत्पादकतेची जुनी व्याख्या तपासली नाही, तिच्या शेजारी एक नवे विशेषण ठेवले. तेव्हापासून रोजगारविषयक अहवालांत ही दोन विशेषणे जोडीने येतात आणि ती परस्परांना पूरक आहेत असे गृहीत धरले जाते.

ती आपोआप पूरक नसतात, याचा अनुभव वर्धा जिल्ह्याने सोमावियांच्या अहवालापूर्वी चौसष्ट वर्षे घेतला होता.

वर्धा, १९३५

अखिल भारत चरखा संघाने १९३५ मध्ये वर्धा येथे कातणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीविषयी एक ठराव केला. तोवर खादी-कार्याचा भर खादी स्वस्त कशी होईल यावर होता व त्याचा भार अर्थातच कातणारीच्या मजुरीवर पडत होता. ठरावाने हा क्रम उलटा केला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाला इतकी मजुरी मिळाली पाहिजे की तीतून शास्त्रीय प्रमाणानुसार किमान अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळू शकेल, असे त्याचे सूत्र होते. गांधीजींची मूळ अपेक्षा आठ आण्यांची होती. संघाने प्रत्यक्षात त्याहून कमी दरापासून आरंभ केला. याच सुमारास नालवाडीत विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला, हेही या संदर्भात स्मरणीय आहे. सल्ला देणाऱ्याने सल्ल्याचा दर स्वतःच्या ताटावर मोजून पाहिल्याची उदाहरणे आपल्या धोरण-इतिहासात फार नाहीत.

या ठरावाचे महत्त्व त्याच्या औदार्यात शोधणे ही चूक ठरेल. 'कार्यक्षम' हा शब्द त्यात आहे. सूत कसे हवे, आठ तासांत किती हवे, याची अट त्यात आहे. म्हणजे उत्पादकतेचा प्रश्न टाळलेला नाही. फरक इतकाच की मजुरीचा आकडा आधी ठरला आणि मग त्या मजुरीत काम बसवायचे तर चरखा कसा सुधारावा, कापूस कोणता द्यावा, पिंजणाचे शिक्षण कसे द्यावे आणि ग्राहकाने किती जास्त मोजावे, हे प्रश्न क्रमाने उभे राहिले. उत्पादकता वाढवण्याची जबाबदारी कातणारीच्या बोटांवरून उचलून संघटनेवर, हत्यारावर आणि खरेदीदारावर वाटली गेली. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा करीत होते, तेही याच दिशेचे होते. घाणी, चक्की, कागद, गूळ अशा उद्योगांतील हत्यारे त्यांनी तपासली ती हाताचे कष्ट कमी करून हाताचे उत्पन्न वाढते का, या दृष्टीने. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या कुमारप्पांना उत्पादकता ठाऊक नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. कामात कष्टाचा आणि घडणीचा असे दोन अंश असतात. ते वेगळे करून घडणीचा अंश एकाकडे व कष्टाचा दुसऱ्याकडे देणारी व्यवस्था माणसाला खुरटवते, हा त्यांचा आक्षेप होता.

अर्थात या ठरावालाही किंमत होती. खादी महाग झाली. ग्राहकाच्या नैतिक बांधिलकीवर मजुरी टिकवण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालेल, याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. ही मर्यादा लक्षात घेऊनच पुढील टप्प्याकडे पाहिले पाहिजे; कारण महाराष्ट्राने तीस-पस्तीस वर्षांनंतर ग्राहकाच्या जागी करदात्यास उभे केले.

१९७७ चा अधिनियम : एका व्याख्येचे वाचन

महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात १९६५ मध्ये ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यव्यापी झाली. त्या दुष्काळाच्या शिखरावर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या व बंधाऱ्याच्या कामांवर होती. पुढे १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. महाविद्यालयीन अध्यापकांच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, ती मुळात या योजनेसाठी आहे. ती पाहून पागे यांची आठवण होणारे प्राध्यापक किती, हा प्रश्न येथे विचारायचा नाही. १९७७ मध्ये रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मधील कामाच्या हक्कास कायद्याचे रूप देणारे हे देशातील पहिले राज्य होय.

या अधिनियमाची स्तुती पुष्कळ झाली आहे व ती रास्त आहे. त्याच्या व्याख्या-कलमाचे वाचन मात्र फारसे झालेले नाही. 'उत्पादक कामे' म्हणजे शासनाच्या मते ज्यांच्यामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने उत्पादन वाढेल, किंवा जी नसल्यास उत्पादनवाढीला अडसर येईल अशी कामे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. येथे दोन गोष्टी घडल्या. 'उत्पादक' हे विशेषण मजुराच्या श्रमावरून निघून पाझर तलाव, नाला बांध, रस्ता अशा वस्तूंना चिकटले. आणि उत्पादक काय याचा निर्णय 'शासनाच्या मते' या दोन शब्दांनी गावाबाहेर गेला. पहिल्या गोष्टीचा परिणाम अधिक खोल आहे. तलाव उत्पादक ठरला. तलावातील पाणी ज्याच्या शेतात मुरते त्याचे उत्पादन वाढले. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाच्या श्रमाची उत्पादकता मात्र होती तेथेच राहिली, कारण त्याच्या हातात पुढील वर्षीही तेच फावडे होते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीत हा प्रवास पूर्ण झाला. खाजगी जमिनीवर अनुदानातून बाग उभी राहिली. या योजनेने कोरडवाहू महाराष्ट्राचे अर्थकारण बदलले, हे निःसंशय. परंतु बागेचे उत्पन्न जमिनीच्या मालकाचे आणि खड्ड्याची मजुरी मजुराची, ही वाटणी तिच्या रचनेतच होती. उत्पादकतेसाठी सल्ला देणाऱ्यांनी बागांचे हेक्टर मोजले. बागेत खड्डा खोदणाऱ्याच्या वाट्याला पाच वर्षांनी काय आले, हे मोजण्यासाठी अहवालात स्तंभच नव्हता.

मजुरीचा दर कामाच्या मापावर होता. सर्वसाधारण मजुराने सात तास काम केल्यास शेतीतील किमान वेतनाएवढी रक्कम पडावी, असे दरपत्रक बांधले जाई. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. वर्धा खोऱ्यातील काळ्या जमिनीचा ज्यास परिचय आहे त्यास तिच्यातील अडचण सांगावी लागत नाही. हीच माती पावसाळ्यात फावड्याला चिकटते आणि वैशाखात दगडासारखी होते. मुरूम, माती, खडक यांचे दर वेगळे असले तरी एकाच थराच्या मोसमी स्वभावासाठी दरपत्रकात जागा अपुरी असते. मोजमाप घेणारा अभियंता आठवड्याने येतो. टोळीतील म्हातारी स्त्री आणि तरुण पुरुष यांचा खड्डा एकत्र मोजला जातो. शेतावरील वेचणीचेही असेच आहे. कापूस किलोवर वेचला जातो. पहिल्या वेचणीला बोंडे भरगच्च असतात, तिसऱ्या वेचणीला एकेका झाडापाशी वाकून दोन-चार बोंडे मिळतात. वेचणारीचे हात तेच, पाठ तीच, दिवस तेवढाच. किलो मात्र उतरतात. तेव्हा शेतकऱ्याला किलोमागे दर वाढवावा लागतो आणि मजुरी महागल्याची तक्रार ऐकू येते. काम मोजून पैसे देणारी प्रत्येक पद्धत मातीची, हवामानाची आणि बियाण्याची उत्पादकता मजुराच्या नावावर लिहिते.

१९८८ मध्ये शेतीतील किमान वेतन मोठ्या प्रमाणात वाढले आणि त्याला बांधलेला रोजगार हमीचा दरही वाढला. सन्मानाच्या बाजूने हे पाऊल होते. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की त्यानंतर कामाची हमी प्रत्यक्षात मर्यादित झाली. मागणी असूनही कामे पुरेशी काढली गेली नाहीत. कायद्यातील एकही शब्द न बदलता 'मागेल त्याला काम' हे 'काढले तर काम' झाले. या निष्कर्षाचा उपयोग दर वाढवू नये असे सांगण्यासाठी अनेकदा केला गेला. तो उपयोग चुकीचा आहे. अभ्यासाने दाखवले ते इतकेच की दर वाढवताना निधी आणि कामांचे नियोजन वाढवले नाही तर काटछाट सर्वांत गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला येते. १९३५ चा ठराव येथे पुन्हा आठवतो: तेथे दर वाढल्यावर पुढचे प्रश्न संघटनेने अंगावर घेतले होते, १९८८ मध्ये ते कोणीच घेतले नाहीत.

केंद्रीय कायद्यानंतर

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राची कल्पना देशभर नेली आणि एप्रिल २००८ पर्यंत सर्व ग्रामीण जिल्हे त्याखाली आले. तथापि १ जानेवारी २००९ पासून केंद्राने या कामाची मजुरी किमान वेतन कायद्यापासून अलग करून स्वतंत्रपणे अधिसूचित केली. महाराष्ट्राने १९७७ मध्ये बांधलेली गाठ अशा रीतीने सुटली. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या आकड्यात किती अन्न व किती वार कापड, असे गणित कोणत्याही अधिसूचनेत मांडलेले नसते. महागाईच्या निर्देशांकाने जुना दर वर सरकतो एवढेच. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह भ्रमणध्वनीवर नोंदवणे सक्तीचे झाले. मजुरी जर मापावर असेल तर दोनदा छायाचित्र कशासाठी, आणि जर वेळेवर असेल तर माप कशासाठी, हा साधा तर्क येथे हरवलेला दिसतो. पहाटे लवकर काम उरकून उन्हाआधी घरी परतण्याची विदर्भातील मजुराची जी शहाणी रीत, ती या नोंदीने दंडनीय केली. उन्हाळ्यात वर्ध्याचे तापमान किती चढते हे ठाऊक असणारा सल्लागार असा नियम सुचवणार नाही.

सोनेगावचा मजूर

शेती आणि हमीची कामे यांबाहेरचा रोजगार म्हणजे आपोआप अधिक उत्पादक आणि म्हणून अधिक सन्मानाचा, ही धोरणशास्त्रातील रूढ समजूत आहे. मजूर शेतीतून बाहेर पडला की प्रगती झाली असे मानले जाते; जनगणना-नगराची कसोटीही याच समजुतीवर उभी आहे. नाचणगाव-पुलगाव परिसरात या समजुतीची परीक्षा झाली ती २० नोव्हेंबर २०१८ रोजी. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारानजीक, सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत आसपासच्या गावांतून ठेकेदारामार्फत आलेले रोजंदार मजूर होते. त्यापूर्वी ३१ मे २०१६ रोजी भांडारात लागलेल्या भीषण आगीत सेवेतील अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी बळी पडले होते. दोन्ही घटनांतील जीवितहानी सारखीच शोकजनक आहे. परंतु पहिल्या घटनेतील प्रत्येकास सेवापुस्तक होते, प्रशिक्षण होते, मागे राहिलेल्यांसाठी नियम होते. दुसऱ्या घटनेतील मजुराचे नाते एका दिवसाच्या रोजीपुरते होते.

सांख्यिकीच्या दृष्टीने हा मजूर शेतीबाहेरचा. ज्या कामात तो होता ते देशाच्या संरक्षण व्यवस्थेचा भाग; त्याच्या आवश्यकतेविषयी वाद नाही. तरीही त्याचे श्रम खोके उचलणे आणि खड्डे खोदणे यापलीकडे गेले नव्हते. म्हणजे रोजगार हमीच्या कामावर जे फावडे होते तेच येथे होते, फक्त त्याच्याभोवती स्फोटके होती. क्षेत्र बदलले, उत्पादकता बदलली नाही आणि धोका कितीतरी पटीने वाढला. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी सर्वसाधारण मर्यादा ५० कामगारांची आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यात ती २० होती. गावातून दहा-पंधरा जणांची टोळी घेऊन जाणारा छोटा ठेकेदार या मर्यादेच्या खाली राहतो. अत्यंत धोक्याच्या कामासाठी संख्येची अट शिथिल करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो पुलगावसारख्या ठिकाणी वापरला जातो की नाही, यावर संहितेचे मूल्य ठरेल. उत्पादकतेसाठी अनुपालनाचा भार कमी करावा असा सल्ला देणाऱ्यांनी ५० हा आकडा सुचवताना मोठ्या कारखान्याचे चित्र समोर ठेवले असावे. टोळीचे चित्र ठेवले असते तर आकडा वेगळा आला असता.

साठ दिवसांचा प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा 'विकसित भारत' या नावाने सुरू होणारा ग्रामीण रोजगार व आजीविका हमीचा नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० झाली आणि पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. या तरतुदीमागे शेतीची उत्पादकता हे कारण आहे. मजूर मिळत नाही ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. कोरडवाहू कापूस उत्पादकाचा हिशेब वेचणीच्या खर्चाने कोलमडतो हे देवळी तालुक्यात कोणीही सांगेल. तथापि हमीचे काम हे मजुरासाठी केवळ उत्पन्न नसते. शेतावरचा दर पटला नाही तर दुसरीकडे जाता येईल, एवढी सोय ते देते; आणि ही सोय नेमकी ज्या दिवसांत उपयोगाची, त्याच दिवसांत ती बंद ठेवण्याचा हा विचार आहे. १२२ क्रमांकाच्या करारातील 'स्वेच्छेने निवडलेला' हे तिसरे अंग येथे निरुपयोगी ठरते.

त्यातही व्यवहाराची एक अडचण आहे. गहू वा भात यांची कापणी थोड्या आठवड्यांत उरकते. वर्धा जिल्ह्यात जूनमध्ये पेरणी, मग निंदण, साधारण ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि त्यापुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने वेचणी चालते. यातील साठ दिवस कोणते, हे राज्य शासनाने आधी ठरवायचे आहे. नाचणगावात तो निर्णय मुख्यतः ज्यांच्यावर लागू होईल त्या वेचणीला जाणाऱ्या स्त्रिया आहेत, म्हणजेच ज्यांचे काम गाव शहर की खेडे हे ठरवताना मोजलेच गेले नव्हते. दिवस ठरवण्याआधी त्यांना ग्रामसभेत विचारावे, अशी सूचना नियमांत घालण्यास खर्च येत नाही. आणि त्याच सभेत, कोणते काम उत्पादक याचा निर्णय 'शासनाच्या मते' न घेता गावाने घ्यायचा ठरला, तर पहिली मागणी कदाचित तलावाची नसेल. उन्हात वेचलेला कापूस तोलण्यासाठी गावाच्या मालकीच्या खात्रीच्या काट्याची असेल.